विमाधारकांची बाह्यरुग्णसेवा : गरजेचा अंदाज गावातूनच



आरोग्य विम्याचे कार्ड हाती आले की आजारपणाची चिंता मिटली, असा समज ग्रामीण भागात आढळतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये यवतमाळसह सर्व राज्यात लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२३ च्या शासन निर्णयाने प्रति कुटुंब ५ लक्ष रुपयांच्या संरक्षणाची तरतूद झाली. तथापि, या योजनेचा भर रुग्णालयात दाखल करून करावयाच्या ठरावीक उपचारांवर आहे. हृदयविकाराच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा उचलतो. तो प्रसंग टाळण्यास साहाय्य करणारी रक्तदाबाची रोजची गोळी मात्र बाह्यरुग्ण विभागातूनच घ्यावी लागते. विम्याच्या दाव्यांत हा रुग्ण दिसत नाही. म्हणून त्याच्या गरजेचा अंदाज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीवरूनच बांधावा लागतो.

परंतु नोंदवहीतही अपुरे चित्र उमटते. जो आला त्याचीच नोंद होते. दिवसाची मजुरी बुडेल म्हणून जो घरीच राहिला, त्याची होत नाही. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात झालेल्या रँड संस्थेच्या प्रयोगात, मोफत उपचार मिळणाऱ्या कुटुंबांनी बाह्यरुग्णसेवेचा अधिक वापर केल्याचे दिसून आले. महाराष्ट्रातही सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. अशा बदलानंतर केवळ मागील वर्षांची सरासरी काढून भागत नाही.

सरासरीत ऋतूही लपतो. सामान्य निकषानुसार एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्या असते. उदाहरणादाखल, ३०,००० लोकांपैकी प्रत्येकजण वर्षातून एकदा आला असे मानल्यास, ३०० दिवसांत दररोज १०० रुग्ण होतात. त्यांपैकी एक चतुर्थांश रुग्ण पावसाळ्याच्या ५० दिवसांत आले, तर हीच संख्या १५० वर जाते. औषधसाठा १०० रुग्णांपुरताच असेल, तर उरलेल्या ५० जणांनी काय करावे?

यवतमाळला या प्रश्नाचे गांभीर्य सांगावयास नको. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले; शेकडोंना उपचार घ्यावे लागले. डोळ्यांची आग, अंधुक दिसणे, मळमळ ही लक्षणे घेऊन येणारा रुग्ण प्रथम गावाजवळचाच दवाखाना गाठतो. फवारणीचे महिने सर्वांना ठाऊक असतात; तेव्हा त्या महिन्यांची तयारीही आधीच व्हावयास हवी.

यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. आरोग्य केंद्राने महिनावार व गाववार रुग्णसंख्या मांडावी. आशा सेविकांनी रक्तदाब, मधुमेह व सिकलसेलच्या रुग्णांची यादी अद्ययावत ठेवावी. शिक्षकांनी आजारपणामुळे गैरहजर राहणाऱ्या मुलांची माहिती द्यावी. दवाखान्यात न गेलेले किती व का, याची विचारणा पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत करावी. ही माहिती औषधांची मागणी नोंदविण्यापूर्वी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती पडली, तरच तिचा उपयोग होईल.

विमा संकटकाळी आधार देतो. संकट दाराशी येण्यापूर्वीच ते ओळखण्याचे काम मात्र गावाच्या दवाखान्याचे आहे आणि त्या दवाखान्याला गरज कळविण्याचे काम गावाचे आहे.