परसातील वाळूमाशी

सायंकाळी परसात चावणारा प्रत्येक बारीक कीटक डास नसतो. गुणगुण न करता चावणारी, दोन-तीन मिलिमीटर लांबीची, केसाळ अंगाची, बसल्यावर पंख उभे धरणारी आणि लांब न उडता टुणटुण उड्या घेणारी ती वाळूमाशी. नाव वाळूचे असले, तरी वाळूशी तिला फारसे कर्तव्य नाही! तिची अळी पाण्यातही वाढत नाही. गोठ्यातील शेण-कचरा मिसळलेल्या ओलसर मातीत आणि भिंतींच्या भेगांत वाढते. म्हणूनच केवळ साठलेले पाणी ओतून ती हटत नाही. उकिरडा घरापासून दूर न्यावा, भेगा बुजवाव्यात, गोठा कोरडा ठेवावा. साध्या मच्छरदाणीतून ती आत शिरते. जाळी अधिक बारीक हवी.

१९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांत आढळलेला विषाणू प्रामुख्याने हीच माशी पसरविते. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व विदर्भात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा व पेठ हे तालुके गुजरातला लागूनच आहेत. या रोगावर लस नाही. मुलाला एकाएकी तीव्र ताप, उलट्या व झटके आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे; काही तासांतच मूल बेशुद्ध होऊ शकते.