परसातल्या कोंबड्यांची सूज आणि तिचे निदान

(तंजावर परिसरातील कुक्कुटपालक स्त्रियांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा अनुवाद)



कोंबडी आपला आजार होता होईतो लपवून ठेवते. कळपातील दुबळ्या पाखराला इतर पाखरे टोचून हैराण करतात, त्यामुळे अंगात त्राण आहे तोवर ती दाणे टिपल्याचा आव आणते. आपल्या नजरेला तिचे दुखणे पडते तेव्हा ते बहुधा दोनतीन दिवसांचे जुने झालेले असते. म्हणूनच अंगावर दिसणारी सूज ही पाहणाऱ्याला मिळालेली मोठी मदत समजली पाहिजे. मात्र ‘कोंबडी सुजली’ एवढ्याने रोगाचे नाव कळत नाही. सूज कोठे आहे, कशी आहे आणि किती दिवसांत आली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच निदानाला आरंभ होतो.

हा विषय क्षुल्लक नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व तत्सम पक्षी मोजले गेले आणि त्यांपैकी ३१ कोटींहून अधिक परसात वाढणारे होते. राज्यांमध्ये तमिळनाडूचा क्रमांक पहिला लागला, तो मुख्यतः नामक्कलकडील मोठ्या कुक्कुटशाळांमुळे. त्या कुक्कुटशाळांना पशुवैद्यक मिळतो, लस मिळते, हिशेबाची वही असते. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात दहाबारा कोंबड्या बाळगणाऱ्या बाईला यांतले फारसे काही मिळत नाही. तिच्या कोंबड्या म्हणजे मुलांची वह्यापुस्तके, औषधपाणी आणि अडीनडीचा पैसा. एका आठवड्यात मर लागून खुराडे रिकामे झाले, तर हा सारा आधार निघून जातो.

या कामी तंजावरने स्वतःच एक उत्तम धडा घालून दिलेला आहे. १७९८ ते १८३२ या काळात येथे राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधे तयार होत असत. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवलेल्या होत्या आणि त्या आज सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. आधी नीट पाहावे, पाहिलेले लिहावे, मग औषधाचा विचार करावा, हा क्रम त्यातून शिकण्याजोगा आहे. आपण बहुधा उलट करतो. औषध आधी देतो आणि ते लागू पडले नाही म्हणजे मग पाहू लागतो.

तेव्हा पाखराला हात लावण्यापूर्वी चार गोष्टी ध्यानात घ्याव्या. आजारी एकच आहे की अनेक? गेल्या पंधरवड्यात बाजारातून नवे पाखरू आणले काय? खाण्यात काही बदल झाला काय? लस टोचली होती काय, आणि केव्हा? एकच पाखरू आजारी असेल तर दुखापत, अंड्याची अडचण किंवा शरीरातील गाठ यांचा संशय घ्यावा. तीनचार दिवसांत निम्मा कळप पेंगू लागला तर संसर्ग किंवा विषबाधा यांचा विचार करावा.

आता शरीराच्या क्रमाने पाहू.

चेहऱ्यावरील सूज सर्वांत अधिक आढळते. डोळ्याखालचा भाग फुगला आहे, नाकातून चिकट स्राव येतो आहे आणि त्याला दुर्गंधी आहे, अशी स्थिती असेल तर तो बहुधा ‘कोरायझा’ नावाचा जंतुजन्य पडसे-रोग असतो. नवे पाखरू आणल्यावर थोड्याच दिवसांत तो कळपभर पसरतो. मृत्यू कमी होतात, पण अंडी एकदम घटतात. बरी झालेली कोंबडी पुढे दीर्घकाळ रोग बाळगून असते, आणि ती दुसऱ्याला विकली की रोगही तिच्याबरोबर जातो. हीच सूज सावकाश वाढली, डोळ्यात फेस दिसला आणि रात्री श्वासाची घरघर ऐकू आली, तर मायकोप्लाझ्मा जंतूमुळे होणारा जुनाट श्वसनरोग संभवतो.

तुऱ्यावर, पापण्यांवर व चोचीच्या कडेला चामखिळीसारखे फोड आले तर त्या कोंबडीच्या देवी होत. मराठीत आपण ‘देवी’ म्हणतो, तमिळमध्ये ‘अम्मै’ म्हणतात. दोन्ही भाषांनी हा रोग मातेच्या पदरात घातला आहे. वास्तविक हा विषाणू मुख्यतः डासांमुळे आणि जखमांमधून पसरतो. ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास, येथे पाणी साचते आणि डास माजतात, तेव्हा त्याला जपावे. माणसाच्या देवीच्या विषाणूशी याचे घराण्याचे नाते असले तरी हा रोग माणसाला होत नाही. फोड दोनतीन आठवड्यांत वाळून गळतात. मात्र तोंडाच्या आत पिवळट पापुद्रा धरला तर पाखरू गुदमरू शकते. यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. पिलांच्या पंखात आधीच लस टोचून घेणे हाच उपाय.

चोचीखाली लोंबणारे मांसल कल्ले सुजले आणि हाताला गरम लागले, तर कोंबड्यांच्या पटकीचा जुनाट प्रकार असू शकतो. माणसाच्या पटकीशी हिचा संबंध नाही. १८७९-८० मध्ये लुई पाश्चर यांनी याच रोगाचे जंतू दुर्बळ करून ते कोंबड्यांना टोचले आणि त्या पुढे रोगापासून बचावतात असे दाखवून दिले. प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेल्या लसींचा इतिहास अशा रीतीने कोंबडीपासून सुरू होतो.

गळ्याखालची अन्नपिशवी फुगली असेल तर ती पहाटे, दाणे टाकण्यापूर्वी चाचपावी. निरोगी कोंबडीची पिशवी रात्रीतून रिकामी होते. सकाळीही ती टणक गोळ्यासारखी लागली तर भाताचा पेंढा, सुतळी किंवा लांब गवत आत अडकले आहे असे समजावे. ती पाण्याच्या पिशवीसारखी मऊ लागली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर आतले अन्न आंबलेले असते. फवारणी झालेल्या शेतातून परतलेल्या अनेक कोंबड्या एकाच वेळी लाळ गाळीत लटपटू लागल्या तर ती विषबाधा असू शकते. त्या वेळी पिशवीतील दाणे हाच पुरावा असतो.

कातडीखाली हवा भरून पाखरू फुग्यासारखे होणे हा प्रकार पाहून पुष्कळ जण घाबरतात. बोटाने दाबले असता कातडीखाली कुरकुर असा आवाज येतो. पडल्याने, चोच लागल्याने किंवा पाखरू आवळून धरल्याने शरीरातील हवेची पिशवी फाटते आणि हवा कातडीखाली शिरते. हा संसर्ग नव्हे. स्वच्छ उकळलेल्या सुईने कातडीला छिद्र पाडले की हवा निघून जाते. कधी हे दोनतीनदा करावे लागते.

पोटाची सूज मात्र गंभीर मानावी. अंड्यावरील कोंबडी दिवसभर कुंथते, शेपूट खाली धरते, तेव्हा अंडे अडकलेले असू शकते. पोट पाण्याने भरून ती ताठ उभी राहून चालू लागली, तर अंड्याचा बलक पोटात सांडून झालेला दाह, यकृताचा विकार किंवा आतील गाठी यांपैकी काहीही असू शकते. यकृताच्या विकाराचे एक कारण आपल्याच कोठीत असते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध करता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेली बुरशी आणि तिचे विष सापडले. त्या विषाला आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. दमट हवेत बुरसलेली पेंड किंवा कण्या ‘वाया कशाला घालवायच्या’ म्हणून कोंबड्यांना टाकणे म्हणजे तेच विष त्यांना चारणे होय.

पायाच्या तळव्याला गोल, काळी खपली असलेली गाठ असेल तर ती काटा किंवा खडा लागून झालेली जखम होय. पायावरचे खवले वर उचलले जाऊन पाय जाड दिसत असतील तर ते खरजेच्या किड्यांचे काम. एक पाय पुढे व एक मागे टाकून तलंग पडून राहिली, तर मारेक रोगाचा संशय घ्यावा. हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले.

आता सर्वांत भयंकर रोगाकडे वळू. त्याला महाराष्ट्रात मानमोडी म्हणतात, कारण वाचलेल्या कोंबडीची मान पिळवटते. तमिळमध्ये त्याला ‘वेळ्ळै कळिच्चल’, म्हणजे पांढरी हगवण, म्हणतात. एका भाषेने मान पाहिली, दुसरीने विष्ठा पाहिली. दोन्ही नावे एकत्र ठेवली, त्यांत धाप लागणे आणि डोळ्यांभोवतीची सूज यांची भर घातली, की रोगाचे चित्र बरेचसे पूर्ण होते. १९२६ साली हा रोग जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ओळखला गेला. लवकरच तो कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे आढळला आणि भारतात त्याच गावाचे नाव त्याला मिळाले. योगायोग असा की त्यावरील लस तयार करणारी तमिळनाडूची जुनी संस्था राणीपेट येथे आहे. ती १९३२ साली स्थापन झाली. राणीखेत रोगाचे, राणीपेट लसीचे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

तथापि मान वाकडी झाली की तो राणीखेतच, असेही समजू नये. ख्रिस्तियान आइकमन या डच वैद्याला जावातील बटाविया येथे असे दिसून आले की, लष्करी रुग्णालयातील सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा उरलासुरला भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात. पुढे नव्या आचाऱ्याने तो भात देण्याचे नाकारले, कोंबड्यांना कोंड्यासह तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. कोंड्यातील जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, शोध या वाटेने लागला आणि आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या जीवनसत्त्वाच्या अभावी पाखराची मान मागे ओढली जाऊन ते आकाशाकडे पाहत राहते. भाताच्या या मुलखात केवळ पांढऱ्या कण्यांवर वाढणाऱ्या पिलांच्या बाबतीत हे विसरू नये. येथे रोगी पाखराइतकेच त्याच्या खाद्याचे भांडे पाहणे आवश्यक आहे.

चुकीच्या निदानाची किंमत केवढी असते, हे महाराष्ट्राच्या अनुभवावरून कळते. २००६ च्या आरंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा तो राणीखेत रोग असल्याचे तेथील व्यावसायिकांचे म्हणणे होते. भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीनंतर फेब्रुवारीत जाहीर झाले की तो बर्ड फ्लू आहे. भारतातील पाळीव कोंबड्यांमधील ती त्याची पहिली साथ ठरली आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. संपूर्ण डोके सुजणे, तुरा निळा-काळा पडणे, पायांवर रक्ताचे डाग दिसणे आणि एकदोन दिवसांत अनेक पक्षी मरणे ही लक्षणे दिसली, तर घरगुती उपचार करू नयेत. हा रोग माणसालाही होऊ शकतो आणि घातक ठरू शकतो. राणीखेतची लक्षणे याच्याशी इतकी मिळतीजुळती असतात की डोळ्यांनी पाहून कोणीही, पशुवैद्यकसुद्धा, खात्री देऊ शकत नाही. ती प्रयोगशाळाच देऊ शकते.

मग आपण काय करावे? आजारी पाखरू प्रथम वेगळ्या डालग्याखाली ठेवावे आणि त्याचे दाणापाणी सर्वांत शेवटी करावे. मेलेले पाखरू कालव्यात टाकू नये. त्याच पाण्याने खालच्या गावात रोग जातो. तपासणीसाठी द्यायचे नसेल तर ते खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. तपासणीसाठी न्यायचे असेल तर हात प्लास्टिकच्या पिशवीने झाकून उचलावे, दुहेरी पिशवीत बांधावे आणि बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोहोचवावे. डोके सुजून एकदम मर लागली असेल तर मात्र त्याला हात न लावता पशुवैद्यकालाच बोलवावे. ओरत्तनाडू येथे २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शवविच्छेदनासाठी आता मद्रासची वाट धरण्याचे कारण उरलेले नाही.

माणसांच्या औषधांतील उरलेल्या गोळ्या कोंबडीला देऊ नयेत. विषाणूंवर त्या निरुपयोगी असतात, आणि त्यांचा अंश अंड्यांतून आपल्याच मुलांच्या पोटात जातो. लस मात्र चुकवू नये. राणीखेतची पहिली लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंबाने देतात आणि सुमारे आठ आठवड्यांनी दुसरी टोचतात. परसातील पाखरे पकडणे कठीण जाते, हे ध्यानी घेऊन तमिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाने खाण्याच्या गोळीतून देता येणारी लसही तयार केली आहे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कोंबडी पेंगू लागली की ती मरण्यापूर्वी बाजारात नेऊन विकावी, हा मोह होतो. गरिबीत तो समजण्याजोगा आहे. हातचे शंभर-दोनशे रुपये सोडणे सोपे नसते. पण ती कोंबडी विकत घेणारी बाईही आपल्यासारखीच असते, आणि आठवड्याने तिचे खुराडे रिकामे होते. पुढल्या बाजारी ती आपली आजारी कोंबडी विकते, आणि ती फिरून आपल्याच शेजारी येते. ही साखळी सरकार तोडू शकत नाही, पशुवैद्यकही तोडू शकत नाही. ती फक्त विकणारीच्या हातात आहे.

घरात मुलाची जुनी वही असेल. तिच्या कोऱ्या पानावर आजपासून तारीख घालून लिहा: कोणती कोंबडी, सूज कोठे, किती दिवस, काय खाल्ले, किती मेल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलांकडून लिहून घ्यावे. पशुवैद्यकाकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. त्याचे अर्धे काम तिथेच झालेले असेल.  आता कोणाला आपल्या कोंबड्यांविषयी काही विचारायचे असेल तर अवश्य विचारावे.