आढ्यवात कोरडवाहूच्या बांधावर
(कुपवाडच्या बैठकीतील भाषण)



आज भावाबद्दल नाही, पायाच्या अंगठ्याबद्दल बोलायचं आहे. हसू नका. ऐन ज्वारी काढणीत माझा अंगठा एका रात्रीत लालबुंद सुजला. पांघरूण टेकलं तरी ब्रह्मांड आठवत होतं. डॉक्टर म्हणाले, गाऊट.

चरकसंहितेत याला वातरक्त म्हणतात. आणखी एक नाव आहे, आढ्यवात. आढ्य म्हणजे धनवान. मद्य, मांस, आंबट-खारट, दिवसाची झोप, घोड्या-उंटावरची रपेट ही कारणं. आपल्यात उंटावर कोण बसतं? पण त्याच यादीत हुलगे आणि उडीदही आहेत.

आजचं वैद्यक म्हणतं, मांस-मासळीतले आणि आपल्याच पेशींतले प्युरिन मोडून युरिक ॲसिड होतं. मूत्रपिंडानं ते बाहेर टाकायचं. शंभर मिलिलिटर रक्तात ते ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की सुईसारखे खडे सांध्यात बसू लागतात. दारूनं ते वाढतं, साखरेच्या थंड पेयांनीही वाढतं. (ऊसवाल्यांनी रागावू नये.) दिवसभर उन्हात घाम गाळून तांब्याभर पाण्यावर राहणाऱ्यालाही धोका आहेच. हुलग्यावर मात्र दोन शास्त्रांचं जमत नाही. कडधान्यानं गाऊट फारसा वाढत नाही, असं आजचे अभ्यास सांगतात. दोन्ही शास्त्रं एकच सांगतात असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं. पथ्यात चरक पक्का आहे, पण खडे मोजायची सोय त्याच्याकडे नव्हती.

शेतकी कॉलेजात गुणसूत्रं दुप्पट करायला आम्ही बियाण्याला कोल्चिसिन लावायचो. तेच या दुखण्यावरचं जुनं औषध निघालं! ते आपल्या कळलावीच्या कंदातही असतं. म्हणून कुणी कंद उगाळून घेऊ नका, जीव जातो. औषध आणि विष यांत मात्रेचंच अंतर आहे.

खरी भीती वेगळीच. काढणी थांबत नाही, मजूर मिळत नाही, मग माणूस कळ मारायचं इंजेक्शन घेतो आणि रानात जातो. पुन्हा कळ, पुन्हा इंजेक्शन. त्यानं मूत्रपिंड बिघडतं, बिघडलं की युरिक ॲसिड आणखी तुंबतं. मीही दोन हंगाम हेच केलं, शेतकी पदवी असून.

रक्त तपासा. ऐन कळेत आकडा नॉर्मल येऊ शकतो. पंधरवड्यानं पुन्हा बघा. ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी डॉक्टरांनी दिली, तर कळ थांबली म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. गुळवेल घेत असाल तर तेही त्यांना सांगा.