पडदा सरल्यावर

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

सहकारी म्हणते, कारण तुमच्यापैकी काही जण लवकरच माझ्यासमोर वाद्यवृंदात बसलेले असाल. संचालकाच्या हातातल्या कांडीतून एकही सूर निघत नाही. ऐकणं हेच त्याचं खरं काम. पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांनी कित्येक पिढ्या नीट ऐकलंच नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

१९८० साली म्युनिक फिलहार्मॉनिकला मुख्य ट्रॉम्बोनवादक हवा होता. अ‍ॅबी कोनंट या अमेरिकन वादिकेला ऑडिशनचं बोलावणं आलं ते पुरुष समजून. उमेदवारांतला एक जण वाद्यवृंदातल्यांच्या ओळखीतला निघाला, म्हणून सगळ्यांना पडद्याआडून वाजवायला लावलं. कोनंटचं वाजवणं ऐकून परीक्षकांचा निर्णय तिथल्या तिथे झाला. उरलेल्यांना त्यांनी घरी पाठवलं. पडदा सरला तेव्हा समोर बाई उभी. पुढे संचालक सेर्जिऊ चेलिबिदाके यांनी तिला दुय्यम जागेवर बसवलं. ती कोर्टात गेली. तिथे आपल्या फुप्फुसांत ताकद आहे हे तिला वैद्यकीय तपासण्यांनी सिद्ध करावं लागलं! जागेसाठी आणि मग बरोबरीच्या पगारासाठी तिचा लढा १९९३ पर्यंत चालला. एका क्षणात कानांनी दिलेला निकाल डोळ्यांनी फिरवला, आणि तो पुन्हा सरळ व्हायला तेरा वर्षं गेली.

अमेरिकेत सत्तरीच्या दशकापासून असे पडदे सर्रास आले. टाचांचा आवाज कळू नये म्हणून काही ठिकाणी स्टेजवर गालिचेही अंथरले गेले. तिथल्या पाच बड्या वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रिया पाच टक्क्यांहून कमी होत्या. १९९७ पर्यंत त्या पंचवीस टक्के झाल्या. याला एकटा पडदा कारणीभूत नव्हता, पण त्याचा वाटा मोठा होता. युरोपात मात्र व्हिएन्ना फिलहार्मॉनिकने पहिल्यांदा स्त्रीला सभासद करून घेतलं ते थेट १९९७ मध्ये.

विविधतेचा विषय निघाला की दर्जा घसरेल अशी भीती घातली जाते. मला हे पटत नाही. ज्या खोलीतून निम्मे वादक आधीच बाहेर काढलेले आहेत, त्या खोलीतल्या दर्जाचा अभिमान कसला बाळगायचा?

मात्र पडद्यापर्यंत पोचलेल्यालाच पडद्याचा उपयोग. त्याआधी हातात वाद्य यावं लागतं, गुरू मिळावा लागतो. मुंबईच्या सिनेसंगीतातले व्हायोलिनचे ताफे गोव्याच्या वादकांनी भरलेले असत, कारण गावच्या चर्चला जोडलेल्या शाळेत लहानपणीच त्यांना स्टाफ नोटेशन वाचायला शिकवलेलं असे. त्या वादकांपैकीच एक, अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या मजोर्ड्याचे. तुमच्यातले बरेच जण शिक्षक होतील. तुमच्या वर्गाची फी ठरवताना या शाळांची आठवण ठेवा.

आणि आपण वाजवतो काय, हा प्रश्न उरतोच. बीथोव्हनची ‘क्रॉइट्झर’ सोनाटा १८०३ साली व्हिएन्नात त्याच्यासोबत पहिल्यांदा वाजवली ती जॉर्ज ब्रिजटावर या आफ्रिकी वंशाच्या व्हायोलिनवादकाने. नंतर दोघांचं बिनसलं आणि अर्पणपत्रिकेत क्रॉइट्झर या दुसऱ्या व्हायोलिनवादकाचं नाव आलं. फ्लोरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय संगीतकार स्त्रीची पहिली सिम्फनी १९३३ मध्ये शिकागो सिम्फनीने वाजवली. त्यानंतर तिच्या वाट्याला विस्मृती आली. २००९ साली इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले, त्यात व्हायोलिन कॉन्चेर्तोही होते.

अशा रचना हल्ली कार्यक्रमात दिसतात, याचा मला आनंद आहे. पण पुष्कळदा त्यांना मिळते एखादी घाईची तालीम. वादकांची स्वरलिपी पहिल्यांदाच समोर आलेली, गज कसा चालवायचा ते ठरलेलं नाही, आणि मैफल संपल्यावर शेरा मिळतो की रचनाच कच्ची आहे. बीथोव्हनची पाचवी सिम्फनी वादकांच्या बोटांत बसलेली असते, प्राइसची पहिली नसते. तुम्ही ती हाती घ्याल तेव्हा तिला जास्त तालमी द्या. पितळी वाद्यांचा तोल सापडेपर्यंत थांबा. आणि एवढं करूनही ती आवडली नाही, तर मला येऊन बेधडक सांगा. मग आपण स्कोअर उघडून भांडू.