इंग्रजी शिकविणाऱ्या नव्या शिक्षकांशी हितगुज
(महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'नव्या शिक्षकांसाठी इंग्रजीचे वर्गोपक्रम' असा विषय आम्हांस नेमून दिलेला आहे. उपक्रमांच्या पुस्तकांना बाजारात तोटा नाही. पण त्यांतील बहुतेक पुस्तके वीस मुले, गोल मांडलेल्या खुर्च्या आणि रंगीत चित्रे गृहीत धरून लिहिलेली असतात. आपल्याकडे चाळीस मुले, जागेवरून न हलणारी बाके, आणि भिंतीपलीकडे शिवणवर्गाची यंत्रे. बंगालमध्ये शिकविलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९६० साली अशाच दाटीवाटीच्या, उकाड्यातल्या वर्गांविषयी एक पुस्तक लिहिले आणि शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी बेताचे असू शकते, हेही त्यात मोकळेपणी धरून चालले. ते आम्हांस शहाणपणाचे वाटते. म्हणून शंभर उपक्रमांची यादी न वाचता एकच उपक्रम हाती घेऊन तो आपल्या मापाचा कसा करावा, एवढेच आज सांगणार आहोत.

हा खटाटोप कशासाठी? दहावीला इंग्रजीत उत्तम गुण मिळविलेली मुलगी नोकरीसाठी जाते, समोरचा गृहस्थ दोन साधे प्रश्न इंग्रजीत विचारतो आणि मुलगी मान खाली घालून बसते, ही तक्रार पालक वरचेवर आम्हांस सांगतात. मुलीला येत नाही असे नव्हे. तिने आजवर लिहिलेले प्रत्येक इंग्रजी वाक्य गुरुजींना आधीच ठाऊक होते. ठाऊक नसलेली एखादी गोष्ट कोणास इंग्रजीत सांगण्याचा प्रसंग तिच्यावर कधी आलाच नाही.

जुन्या मंडळींस तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवत असेल. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि इकडच्या मराठी घरांतूनही ते पुस्तक असे. वाक्य तोलून लिहिणारी पिढी त्याने घडविली, हे मान्य करावयास हवे. पण व्याकरण आधी पक्के करावे आणि बोलणे मागाहून आपोआप येईल, हा भरवसा पुष्कळांच्या बाबतीत फोल ठरला.

या भरवशाला आपल्याच राज्यात एका अभ्यासकाने हात घातला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास इत्यादी ठिकाणच्या काही शाळांतून एक प्रयोग चालविला. व्याकरणाची क्रमवार यादी त्यांनी बाजूस सारली. मुलांपुढे नकाशा, पंचांगासारखे कोष्टक किंवा गाडीचे वेळापत्रक ठेवावयाचे आणि डोके चालवून उत्तर काढावयास लावावयाचे. इंग्रजी त्या ओघात यावी. १९८७ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि जगभर वाचले गेले. मात्र नेहमीच्या शाळाशिक्षकांपैकी पुष्कळांना ती रीत पुरती पचली नाही, असे १९९० साली बेरेटा या अभ्यासकाने दाखविले. नव्या शिक्षकांनी ही दुसरी गोष्टही तितकीच लक्षात ठेवावी. उसना अंगरखा कितीही उंची असला तरी खांद्यात घट्ट झाल्यास कोणी रोज घालीत नाही.

आता आपला उपक्रम. हुबळीहून धारवाडला जाणाऱ्या पाच बसगाड्या फळ्यावर मांडा. सुटण्याची वेळ, उणकलची वेळ, नवलूरची वेळ, धारवाडास पोचण्याची वेळ. वेळा मनाने घातल्या तरी चालतील. प्रथम एक कोडे सर्व वर्गासमक्ष मोठ्याने सोडवा: एका गृहस्थास दहा वाजता विद्यापीठात हजर व्हावयाचे आहे, धारवाडच्या थांब्यापासून पुढे अर्धा तास लागतो, तर त्याने कोणती बस धरावी? तुम्ही विचारा, मुले उत्तरे देतील, काही चुकतील, तुम्ही 'का' म्हणून विचारा. मग तसेच, पण थोडे निराळे, दुसरे कोडे प्रत्येकाने आपले आपण सोडवावयाचे. प्रभूंचे माप असे की, वर्गातील निम्म्या मुलांना निम्मे काम जमले तर कोडे नेमके योग्य कठीण होते. सर्वांना सर्व आले तर ते सोपे होते. त्यात तुमची वाहवा होईल, मुलांचे काही होणार नाही.

हेच वेळापत्रक पाचवीच्या मुलांपुढे ठेवाल तेव्हा उत्तर केवळ आकड्यात घ्या. 'एट फॉर्टी' एवढे म्हटले तरी पुरे. आठवीच्या मुलांकडून कारण मागा, 'बिकॉज' शब्द त्यांना आपोआप लागेल. शिवणवर्गातल्या भगिनींपैकी कोणी शिकावयास आल्या तर त्यांतील एकीस चौकशीच्या खिडकीवर बसवा. वेळापत्रक फक्त तिच्या हाती द्या, आणि बाकीच्यांनी विचारून आपापल्या कोऱ्या कोष्टकात भरावयाचे. रेल्वे अधिक जवळची वाटली तर रेल्वे घ्या. २०२३ साली आपल्या स्थानकाचा दीड किलोमीटरहून लांब फलाट खुला झाला. त्याच्या एका टोकाला उभ्या असलेल्या पाहुण्याला दुसऱ्या टोकाच्या डब्याकडे इंग्रजीतून कसे न्यावे, हेही कोडे झकास होते. मुलांचे वय, उत्तराची लांबी, मदतीचे प्रमाण हे सर्व बदला. बदलू नये ते एकच: विचारणाऱ्यास उत्तर खरोखर ठाऊक नसले पाहिजे. ते ठाऊक झाले की तीच जुनी घोकंपट्टी नव्या पोशाखात परत येते.

गटाने काम करणे प्रभूंनी टाळले. मुले आपसात आपल्याच भाषेत बोलतील आणि एकमेकांचे चुकीचे इंग्रजी उचलतील, असे त्यांचे म्हणणे. या एका बाबतीत आमचे त्यांच्याशी जमत नाही. आपल्या वर्गात एका बाकावर मराठी, दखनी, कानडी आणि कोकणी बसलेली असते. त्यांनी कुजबुज खुशाल हव्या त्या भाषेत करावी, फळ्यापाशी आणावयाचे उत्तर तेवढे इंग्रजीत असावे.

या भाषांच्या शेजाराचा आणखी एक लाभ आहे, तो नव्या शिक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मराठी मूल 'मला भूक लागली' म्हणते, दखनी 'मेरेकू भूक लगी', कानडी 'ननगे हसिवागिदे'. तिन्ही घरांत भूक माणसाकडे येते. इंग्रजीत मात्र माणूसच भुकेला असतो. क्रियापद तिघांचेही शेवटी, इंग्रजीचे मध्ये. 'द' हे उपपद तिघांकडेही नाही. म्हणजे पोरे तीन घरची, पण पुष्कळशी चूक एकच. तेव्हा कोडे सुटेपर्यंत चुकीवर बोट ठेवू नका. शेवटची पाच मिनिटे राखून ती तिन्ही वाक्ये आणि चौथे इंग्रजी अशी फळ्यावर एकाखाली एक लिहा. मुलांना त्यात फार गंमत वाटते, आणि कानडी वाक्य लिहावयास एखाद्या लाजऱ्या मुलाला बोलाविले तर त्याची भीड अर्धी तेथेच चेपते.

उच्चारांविषयी फार घोर करू नये. 'इस्कूल' म्हणणारे मूल सहा महिन्यांत सुधारते. हसणाऱ्या शिक्षकापुढे एकदा गप्प झालेले मूल सहा वर्षांतही बोलत नाही. तुमचे स्वतःचे एखादे वाक्य अडले तर मुलांसमक्ष शब्दकोश उघडा. त्यात कमीपणा नाही.

आता पालकांस एक विनंती. शब्दकोश विश्वस्तांनी दिले आहेत, त्याबद्दल आभार. परंतु या कामास लागणारे सामान घरोघरी रद्दीत पडलेले असते. जुनी कॅलेंडरे, दुकानाची बिले, औषधांच्या खोक्यांतील कागद, हॉटेलांची दरपत्रके, इंग्रजीत छापलेल्या लग्नपत्रिका, वापरून झालेली तिकिटे. बिलांवरची नावे व फोन क्रमांक तेवढे खोडून आणावेत. कार्यालयाच्या दाराशी उजव्या हाताला एक रिकामे खोके ठेवले आहे. शनिवारी वर्ग सुटल्यावर आम्ही तेथे बसून निवड करू. नव्या शिक्षकांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी कात्री व डिंक घेऊन यावे.