शरीर बांधून ठेवणारे धागे



हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्यावर व्याख्याने पुष्कळ होतात आणि त्यांना गर्दीही होते. आमच्या आजच्या विषयाला तो मान नाही. मटण साफ करताना जो पांढरा, चिवट पापुद्रा गृहिणी सुरीने सोलून टाकते, तोच आमचा विषय! शास्त्रात त्याला संयोजी ऊतक म्हणतात. तो कातडीखाली आहे, स्नायूंवर आहे, रक्तवाहिन्यांभोवती आहे. स्नायू हाडाला बांधणारी कंडरा ही त्याचीच घट्ट जात. तो काढून घेतला, तर एकाही अवयवाला आपला आकार राखता येणार नाही.

यकृतात किंवा त्वचेच्या वरच्या थरात पेशी एकमेकींना खेटून, विटांसारख्या बसलेल्या असतात. संयोजी ऊतकाची रचना मात्र कोकणातल्या वाडीसारखी आहे: घरे मोजकी आणि लांबलांब, मधली आगरेच मोठी. या मधल्या जागेत तंतू असतात आणि तंतूंच्या भोवती आधारद्रव्य. दोन्ही निर्माण करतात त्या तिथल्याच तंतुजनक पेशी. त्यांच्या शेजारी चरबी साठवणाऱ्या पेशी असतात, आणि जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशीही पहारा करीत फिरत असतात.

तंतू तीन जातींचे. पिवळे तंतू रबरासारखे ताणतात. फुप्फुसे आणि मोठ्या रोहिण्या त्यांच्या जोरावर फुगतात व पुन्हा पूर्ववत होतात. जालतंतू बारीक, प्लीहेसारख्या अवयवांत जाळे विणणारे. खरा कारभार पांढऱ्या तंतूंचा. ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के हे एकटेच असते. कातडे व हाडे उकळून सरस काढतात तो याच कोलॅजेनचा. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात, तेव्हा सालीतील तुरट द्रव्य याच तंतूंना धरून बसते, आणि मग ते कातडे कुजत नाही.

या कोलॅजेनची घडण कशी असते, हे कोडे उलगडण्यात मोठा वाटा मद्रासचा आहे, ही गोष्ट आपल्याकडे जितकी ठाऊक असावी तितकी नाही. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ आणि १९५५ साली दाखवून दिले की, कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन पेडांची दोरी. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. साखळीतला दर तिसरा घटक ग्लायसीन, कारण पिळाच्या आतल्या अरुंद जागेत मावेल इतका लहान घटक तोच एक. पुढे इतरांनी तपशिलात दुरुस्त्या केल्या, पण तीन पेड कायम राहिले.

आधारद्रव्य हे भेंडीच्या बुळबुळीसारखे समजावे. त्यातले हायलुरॉनिक आम्ल मायर आणि पामर यांनी १९३४ साली गुरांच्या डोळ्यातून प्रथम वेगळे काढले. ते पाणी धरून ठेवते, आणि रक्तातले अन्न व प्राणवायू याच पाण्यातून पेशींपर्यंत पोचतात. कित्येक सापांच्या विषात हे आम्ल फोडणारे विकर असते. बांध फुटावा तसा मार्ग मोकळा होतो आणि विष झपाट्याने पसरते.

आता प्रश्न असा की, हे धागे एकदा विणले की जन्मभर पुरतात काय? याचे उत्तर अठराव्या शतकातील खलाशांनी फार मोठी किंमत देऊन दिलेले आहे. १७४० साली इंग्रज दर्यासारंग ॲन्सन जगप्रदक्षिणेला निघाला. वाटेत स्कर्व्हीने त्याची माणसे शेकड्यांनी मेली. त्यांत एक म्हातारा होता. बॉइनच्या १६९० सालच्या लढाईत झालेल्या त्याच्या जखमा केव्हाच भरल्या होत्या. त्या पन्नास वर्षांनंतर अशा उघडल्या की जणू कधी भरल्याच नव्हत्या!

कारण असे की, जुन्या वणातही कोलॅजेन झिजत असते आणि नवे विणले जात असते. नव्या साखळ्यांवर काही ठिकाणी प्राणवायू व उद्‌जन यांची जोडी बसवावी लागते आणि ते काम करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व हवे असते. ते नसेल, तर तीन पेडांची दोरी सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच उलगडू लागते. आपले शरीर तर ३७ अंशांचे. झीज चालू राहते, भर थांबते. हिरड्यांतून रक्त येते, वण उसवतो.

लिंड या वैद्याने १७४७ साली बारा रोगी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सहा दिवसांत सुधारली. तरीही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साल उजाडले. या अठ्ठेचाळीस वर्षांत किती माणसे व्यर्थ गेली असतील, याचा श्रोत्यांनीच विचार करावा.

गाय आणि शेळी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते बाहेरूनच घ्यावे लागते. आवळा, पेरू, लिंबू यांत ते भरपूर असते. शिजवण्यात त्याचा बराच भाग नष्ट होतो. तेव्हा ताटातली लिंबाची फोड वरणात न शिजवता वाढल्यावर पिळण्याची आपल्या घरांतली रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे.