विस्मरण आणि गाण्याची सोबत
(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमातील भाषण)



आम्ही बँकेत कारकून आहोत, डॉक्टर नव्हे. तरीही आज विस्मरणाच्या आजारावर, म्हणजे डिमेन्शियावर, बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण हा आजार आमच्याच घरात आहे. आमची थोरली आत्या सातारा जिल्ह्यातील खेड्यातली. गेली चार वर्षे ती सांगलीत आमच्याकडे असते. सकाळी जेवलेले तिला दुपारी आठवत नाही. आम्हाला ती आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारते.

भारतात साठीपुढील दर शंभरांत सुमारे सात जणांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख होते. तेव्हा 'म्हातारचळ' म्हणून हसण्यावारी नेऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य यांमुळेही विसर पडतो व त्यांवर उपचार आहेत. म्हणून प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

अल्झायमरच्या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर बिघडतो. आमच्या भाषेत सांगायचे तर आजची नोंद कीर्दीत उतरतच नाही, मात्र जुन्या खतावण्या बराच काळ शाबूत असतात. लहानपणी तोंडी बसलेली गाणी त्या खतावण्यांत असतात. वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे निरर्थक नसते, असे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले. पुढे जुनी छायाचित्रे, वस्तू, गाणी समोर ठेवून माणसाला बोलते करण्याची पद्धत रुजली. याने आजार बरा होत नाही. परंतु संगीतामुळे उदासी कमी होण्यास मदत होते, असे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले आहे.

आता आमची चूक सांगतो. एके पहाटे आत्या जात्याचा खुंटा धरल्यागत हात फिरवीत विठ्ठलाची ओवी म्हणू लागली. १९५६ नंतर आमच्या घरातले देव गेले. आम्ही तिला दटावले, "आत्या, आपण बौद्ध आहोत. हे गाणं नको." ती गप्प झाली. दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या पत्नीने शेजारी बसून विचारले, "आत्या, ही ओवी कुणाची?" ती म्हणाली, "माज्या आयची."

ती देवाला नव्हे, आईला हाक मारीत होती. तो हक्क आम्ही काढून घेतला होता.

बंधूंनो, ज्या जात्यावर विठ्ठल गायला गेला, त्याच जात्यावर आपल्या आयाबायांनी बाबासाहेबही गायले. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. आत्याच्या ओठी दोन्ही आहेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या ज्या शाळेत दाखल झाले, तिचे छायाचित्र दाखवले की तिला साताऱ्याचा बाजार आठवतो आणि ती बोलू लागते. आम्ही आता काही दुरुस्त करीत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वृद्धांची गाणी आजच मोबाईलवर भरून ठेवा, वहीत उतरवा. ऐकवताना टीव्ही बंद असावा, आवाज बेताचा असावा. "मी कोण, ओळख पाहू," अशी परीक्षा घेऊ नका. एखाद्या गाण्याने जीव कासावीस झाला, तर ते थांबवा.

आत्याला आमचे नाव अजून आठवत नाही. परंतु आम्ही ओवीची पहिली ओळ म्हणतो आणि दुसरी ती पुरी करते.